सतरा नंबर

गिरीच्या हायवेला पात्रांवचं शेड आहे.
तिथे दारं उभी असतात एकमेकांना टेकून
आणि कुठेच उघडत नाहीत.
माझं काम पॉलिशचं. आधी खरवडायचं:
निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली कसलासा लाल,
आणि मग कधीतरी लाकूड.

सतरा नंबर राय गावाकडून आलं.
टेंपोवाल्या सांतानला विचारलं, कुणाचं घर?
म्हणाला, घर खंय? जेसीबी आसलो.

फणसाचं दार, आतून हळदीसारखं पिवळं निघालं.
बिजागऱ्या ओळखल्या, कोयंडा ओळखला,
अडसराच्या खोबणीत अजून मेण होतं.
ओळखू आले नाहीत ते तीन पितळी डोळे,
अंगठीएवढे, आतल्या बाजूला:
एक कडीच्या वर वीतभर,
दुसरा त्याच उंचीवर, पण बिजागरीच्या अंगाला,
आणि तिसरा त्याच्या सरळ खाली, गुडघ्याशी.

पात्रांव म्हणाला, पुर्तुगेजांचे.
त्याला न कळलेलं सगळं पुर्तुगेजांचं असतं
आणि हजाराने महाग.
धारगळचा गुणाजी चारी जुन्या बिजागऱ्या न्यायला आला होता,
डोळ्यात करंगळी घालून म्हणाला,
ओतीव आहे, चांगल्या हातचं. पडद्याचं असेल.
पडद्याला गुडघ्याशी काय काम, गुणाजी?
मग कंदिलाचं.
गुडघ्याशी कंदील?
मग नाही सांगता येत, तो म्हणाला,
आणि मला तो पहिल्यांदाच आवडला.

रॉकेलच्या चिंधीने पुसले तेव्हा झीज दिसली.
पहिल्या दोघांची खालच्या ओठाला,
तिसऱ्याची वरच्या.
नखाने चाचपली. सुतळीएवढी पन्हळ, गुळगुळीत.
पितळ असं वर्षा-दोन वर्षांत झिजत नाही.

जेवणाच्या सुट्टीत सुतळी घेतली,
कडीला बांधली,
वर नेली, आडवी नेली, खाली आणली,
गुडघ्याच्या डोळ्यातून काढून ओढली.
कडी उचलली गेली.
इतकी अलगद, की बाराव्या दारामागचं मांजर
कूससुद्धा बदललं नाही.

बिजागरीजवळून नेली, म्हणजे दार फिरलं
तरी दोरीला हिसका बसत नाही.
हे ज्याला सुचलं
तो आधी एक-दोन दोऱ्या तोडून बसला असणार.

मग टोक धरून मागे सरकलो, कुठवर जातं बघायला.
उभ्याने ते हातात नीट बसेना,
खुर्चीवरूनही नाही.
शेवटी रिपांच्या चळतीवर आडवा झालो,
हात नुसता बाजूला टाकला,
आणि दोरी तिथेच होती.

कोण होतं, माहीत नाही. बाई की पुरुष, किती वर्षं.
एवढंच, की पोदेराचा भोंपू वाजला,
शेजारीण पेज घेऊन आली,
की दाराची कडी वर जायची.
आणि एखाद्यासाठी
जातही नसेल.
उठणं हातात नव्हतं,
पण कुणाला आत घ्यायचं ते होतं.

पात्रांवला सांगितलं. तो जरा वेळ गप्प.
मग म्हणाला, आजाऱ्याचं बिजाऱ्याचं गिऱ्हाइकाला सांगू नको.
टेबल करायचंय दाराचं, बारा जण जेवतील.
काढ ते, भोकं बुजव.

काढले. खिळ्यांच्या डब्यात आहेत.
दोन भोकं फणसाच्याच भुशात सरस कालवून बुजवली.
तिसऱ्याला भुसा पुरला नाही,
असं मी सांगितलं.
आसगावच्या त्या घरात आता
जेवता जेवता कुणाचं तरी बोट तिथे जाईल,
हे काय, म्हणून विचारतील एकमेकांना,
आणि एखादा शहाणा सांगेल, पडद्याचं असेल.

सुतळी इथेच आहे, दोन खांबांना बांधलेली.
तिच्यावर मी चिंध्या वाळत घालतो.